ताई, कुकर रात्रीच भिजवत जा

परवा सकाळी भांडी घासता घासता आमच्या मावशी म्हणाल्या, "ताई, कुकर आन् दुधाचं पातेलं रात्रीच पाणी घालून ठेवत जा. वाळलं की लई वेळ जातो, पुढच्या घरी मला उशीर होतो." बास, एवढंच. पाठ माझ्याकडे, हात सिंकमध्ये, तारेची घासणी कुकरच्या तळाला लागलेल्या भातावर खर्रखर्र चालू. आधी 'राग नका मानू' नाही, 'एक बोलू का' नाही, शेवटी 'बघा बाई जमलं तर' पण नाही. मी "हो, बरं" म्हणाले, त्यांनी नळ सोडला, पातेल्याच्या कडेला वाळलेली साय नखानं खरवडली आणि "मेथी निवडून ठिवू का?" विचारलं. म्हणजे त्यांच्या बाजूनं विषय संपला सुद्धा.

माझ्या बाजूनं नाही संपला. सुरुवातीला तर मला लागलंच थोडं, उगाच कशाला खोटं बोलू. मी काही वाईट मालकीण नाही, चहा देते, सुट्ट्यांचे पैसे कापत नाही, आणि तरी मलाच सांगतायत, असं काहीतरी आत वळवळायला लागलं. गाडी काढली, नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी राहिले, वर मेट्रो गेली, शेजारच्या टेम्पोचा धूर थेट तोंडावर, आणि हेल्मेटच्या आत माझं आपलं तेच वाक्य फिरतंय. त्यात अपमान नेमका कुठं आहे ते मी शोधत होते आणि सापडत नव्हता. काय हवंय ते सांगितलं, का हवंय ते सांगितलं, थांबल्या. मी आळशी आहे असं म्हणाल्या नाहीत, 'तुमच्याकडं नेहमीच असं असतं' म्हणाल्या नाहीत. आवाज मेथीचं विचारतानाचा होता तोच. सिग्नल सुटेपर्यंत माझं लागणं जाऊन त्याजागी चक्क हेवा आला होता.

हेवा यायला कारण होतं. आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात, त्यांच्या बाल्कनीत कुंड्या, आणि कुंड्यांना पाणी घातलं की ते मातकट पाणी आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर. पावसाळा संपल्यापासून हे चालू होतं. पांढऱ्या शर्टवर, उशीच्या अभ्ऱ्यांवर तांबूस ठिपके. मी काय करत होते तर दोरी आत ओढत होते, आणि नवऱ्याला ऐकवत होते, जो बिचारा कुठल्याच कुंडीला पाणी घालत नाही. त्यानं मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'सर्व सभासदांना नम्र विनंती, कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्यावरील रहिवाशांचा विचार करावा', पुढे जोडलेले हात. त्यावर ज्यांच्याकडं तुळससुद्धा नाही अशा दोघांनी सॉरी म्हटलं, तळमजल्यावरच्या काकांनी पार्किंगचा जुना विषय उकरून काढला, आणि सगळ्यात आधी अंगठा कुणी दाखवला असेल तर वरच्या काकूंनी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत टप टप टप.

आणि आम्ही म्हणे पुणेकर. स्पष्टवक्ते.

मला तर आता वाटायला लागलंय की ही आपली सगळ्यात मोठी थाप आहे. पुणेरी पाट्यांचं सगळीकडं कौतुक होतं, लोक फोटो काढून फॉरवर्ड करतात, पण पाटी मुळात कोण लिहितं? ज्याला समोरच्या माणसाला तोंडावर सांगता येत नाही तो लिहितो. माझ्या आजोळी, नारायण पेठेतल्या वाड्यात, चौकातल्या सामाईक नळाच्या वर मालकांनी पत्र्याची पाटी ठोकलेली होती, 'नळ कोणाच्या तीर्थरूपांचा नाही. काम झाल्यावर बंद करावा.' आम्ही मुलं ती मोठमोठ्यानं वाचायचो आणि हसायचो. तो चौक अजून नाकात आहे, ओल्या फरशीचा, शेवाळाचा आणि कोपऱ्यातल्या बंबातल्या धुराचा वास, आणि पाण्याच्या वेळेला बादल्यांचा खणखणाट. नळ कोण चालू ठेवतं हे अख्ख्या वाड्याला माहीत होतं, मालकांना तर होतंच. ते रोज जिन्यातून उतरायचे, त्याच माणसाला "काय, बरंय ना?" विचारायचे, तो "तुमच्या कृपेनं" म्हणायचा आणि पुढं जायचे. पाटी आपली वर तशीच आणि नळ खाली तसाच. कित्येक वर्षं. वाडा पाडून तिथं बिल्डिंग झाली तोपर्यंत त्या दोघांचं या नळावरून एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. टोमणा मारायला आपल्याला जमतो, तो तर आपला दागिना, पण टोमण्यात एक सोय असते. ऐकणाऱ्यानं धरलं तर 'मी तुम्हाला कुठं म्हणाले?' म्हणून हात वर करता येतात.

आईची पद्धत वेगळी. ती टोमणा पण मारत नाही, ती भांडी आपटते. लहानपणी आम्हाला आवाजावरून कळायचं, डबा नुसता ठेवला की सगळं ठीक, डबा ठेवताना झाकण वाजलं तर काहीतरी बिनसलंय, आणि पोळपाट ओट्यावर आदळला तर बाबा गुपचूप चपला घालून मंडईत निघून जायचे. "काय झालं?" विचारलं तर "कुठं काय, काही नाही." हॉटेलात गेलो तर "मला काहीही चालेल." मग आपण काहीतरी मागवायचं आणि तिनं ते अर्धं टाकायचं. तिला काय आवडतं हे शोधून काढण्यात आम्हा भावंडांची निम्मी बुद्धी खर्च झालेली आहे, आणि तरी अजून पक्कं माहीत नाही. सोसणाऱ्या बायकांचं आपल्याकडं फार कौतुक होतं, 'कधी तोंडातून ब्र काढला नाही हो' असं गेल्यावर पण म्हणतात. पण तो न काढलेला ब्र घरातल्या बाकीच्यांना रोज ऐकू येत असतो हे कुणी सांगत नाही.

ऑफिसात तर या विषयाचं रीतसर ट्रेनिंग झालंय माझं. हिंजवडीत, थंडगार कॉन्फरन्स रूममध्ये, तीन रकान्यांची स्लाइड. एक सगळ्याला मान हलवणारा, एक अंगावर जाणारा आणि मधला तो शहाणा. मग जोड्या पाडून रोल प्ले, ज्यात सगळे मधला शहाणाच झाले. 'तुम्ही' नं सुरुवात करू नका, 'मला' नं करा, म्हणजे समोरचा बचावात जात नाही, असं मॅडमनी शिकवलं, जे खरंच उपयोगी आहे, थॉमस गॉर्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात आईबापांसाठी ते मांडलं होतं. गंमत अशी की सेशन लांबत गेलं, लंचची वेळ टळली, बाहेर कँटीनमधून फोडणीचा वास आत येत होता, सगळ्यांची पोटं वाजत होती आणि आपलं म्हणणं ठामपणे कसं मांडावं हे शिकणाऱ्या त्या अख्ख्या खोलीतून एकानंही 'मॅडम, भूक लागलीय, थांबूया का' असं म्हटलं नाही. मी पण नाही. नोट्स घेत होते.

खरं ट्रेनिंग मला टीममधल्या एका मुलीनं दिलं. लातूरची, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर आले, हा रिपोर्ट आजच हवाय म्हणाले. आम्ही सीनियर लोक अशा वेळी 'बघते', 'करते', 'होऊन जाईल' असं म्हणतो, मग रात्री अकराला लॅपटॉपसमोर बसून घरच्यांवर खेकसतो. ही म्हणाली, "सर, पूर्ण सोमवारी दुपारी देते. आजच हवा असेल तर निम्मा होईल. कुठला निम्मा हवाय?" त्यांनी क्षणभर बघितलं तिच्याकडं. आम्ही सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून कान देऊन बसलेलो. आणि सर म्हणाले, "मग आकड्यांचा दे, बाकी सोमवारी." म्हणजे इतकी वर्षं आम्ही रात्री जागून जे करत होतो त्यातलं निम्मं त्यांना त्या दिवशी नकोच होतं. कुणी विचारलं नव्हतं एवढंच. तिनं नाही म्हटलंच नाही हे मला फार आवडलं, तिच्याकडं वेळ किती आहे हे तिनं टेबलावर ठेवलं आणि निवड त्यांच्याकडं दिली.

त्यानंतर मी कुतूहलापोटी थोडं वाचलं. भिडस्तपणाचा विचार डॉक्टर मंडळींनी फार पूर्वी केलेला आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले जोसेफ वोल्पे नावाचे मानसोपचारतज्ज्ञ १९५० च्या दशकात घाबरट पेशंट्सना आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडायचा सराव द्यायचे, आधी दवाखान्यात खोटं खोटं, मग बाहेर खरं. त्यांचं म्हणणं असं की भीती आणि मनातलं नीट बोलून टाकणं या दोन गोष्टी अंगात एका वेळी नांदत नाहीत, एक वाढली की दुसरी कमी होते. आपण नेहमी उलटं धरून चालतो, आधी भीती जाऊ दे मग बोलू, आणि त्या नादात बोलायचं राहूनच जातं. दुसरा किस्सा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा, ज्यांचे विचार आपल्याकडं कि. मो. फडक्यांमुळं मराठी घरांत पोचले. एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला भयंकर लाजायचे. म्हणून त्यांनी ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. काही उठून गेल्या, पण शंभरेक जणींशी बोलणं झालं. त्यातली एक परत भेटायला तयार झाली आणि ती पण आलीच नाही. (आज संभाजी बागेत असं कुणी करायला लागलं तर दामिनी पथकाला पहिला फोन मी करेन, ते वेगळं.) पण त्यांच्या लक्षात काय आलं, तर एवढे नकार मिळाले आणि तरी काहीच भयंकर घडलं नाही. पुढं १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची उपचारपद्धती मांडली तिच्यात हा धागा आहेच, की आपल्याला त्रास समोरच्याच्या नकाराचा कमी आणि 'कुणी नाराज होताच कामा नये' या आपल्या हट्टाचा जास्त होतो. माझ्या कपड्यांवरचे डाग त्या हट्टाचेच होते म्हणायला हरकत नाही.

तर गेले वर. मुद्दाम संध्याकाळी, त्यांच्या सिरियलच्या आधी. जिना चढताना छाती धडधडत होती, चाळिशी ओलांडलेल्या बाईची, एका मजल्यासाठी, कुंड्यांवरून. काकूंनी दार उघडलं, आत वरणाला हिंगाची फोडणी बसलेली, "ये ये, बस, सरबत करते" सुरू झालं. इथंच नेहमी घात होतो. सरबत घेतलं की मग कसं बोलायचं, असं वाटतं. म्हणून मी दारातच म्हणाले, "काकू, तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतंय. डाग जात नाहीयेत. खाली ताटल्या ठेवाल का?" बोलून झालं आणि जीभ शिवशिवायला लागली, 'म्हणजे तुमची चूक नाही हो', 'म्हणजे तशी घाई नाही', 'म्हणजे आम्हीच दोरी सरकवतो' असली वाक्यं रांगेत उभी. गिळली सगळी. ती शांतता किती वेळ होती माहीत नाही, बहुतेक अगदी थोडी, पण त्यात कुकरनं शिट्टी मारून घेतली.

काकूंचा चेहरा पडला. "अगं मग आधी नाही का सांगायचं?" म्हणाल्या. याला उत्तर नव्हतं. मग म्हणाल्या, "ग्रुपवर ते टाकलेलं ते माझ्यासाठी होतं होय? मला वाटलं तिसऱ्या मजल्यावरच्यांना आहे." आणि मी हसणार एवढ्यात त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "बरं, मग मीही सांगते. तुमचा मिक्सर पहाटे साडेपाचला सुरू होतो. आमच्या बेडरूमच्या बरोब्बर खाली. ह्यांची झोप मोडते ती मोडतेच, परत लागत नाही."

हे मात्र कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

आपण बोलायला गेलो की समोरच्यालाही तोंड आहे हे लक्षात येतं, आणि त्यांच्या तोंडात पण आपल्यासाठी काहीतरी साठलेलं असतं. मला परत लागलं, सकाळी डब्याची चटणी करायची असते, मी काय हौसेनं उठते का, हे सगळं मनात येऊन गेलं, मग म्हटलं चटणी रात्री करून ठेवता येईल. ताटल्या आल्या, मिक्सर रात्री गेला. पुढं काही दिवस लिफ्टमध्ये काकू जरा तुटक होत्या, मान हलवायच्या पण बोलायच्या नाहीत, आणि ते मला टोचत होतं हे सांगितलं पाहिजे, कारण लोक असं लिहितात जणू मनातलं बोललं की दुसऱ्या मिनिटाला नातं उजळतं. तसं होत नाही. थोडं ओरखडतं, मग बसतं जागेवर. आता बऱ्या आहेत. फायदा काय म्हणाल तर कपडे स्वच्छ आहेत, नवरा माझ्या तावडीतून सुटलाय, आणि वरून टप असा आवाज आला तरी माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाईटसाईट काही येत नाही. शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. इतके दिवस मी त्या बाईशी मनातल्या मनात भांडत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मावशींना हे सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या, जुडी सोडून पेपरवर पसरलेली, बोटं हिरवी. मी विचारलं, तुम्हाला मला सांगताना भीती नाही वाटली? म्हणाल्या, "कशाची? तुमी काढणार न्हाई, दिवाळी तोंडावर आलीया, दुसरी कुठनं आणणार?" आणि हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्या बी विंगच्या घरी न्हाई बोलत मी. तिथं बोलून उपेग न्हाई. तिथं खाली मान घालून काम करायचं आन् निघायचं." मी गप्पच झाले. म्हणजे त्यांनी मला सांगितलं यात माझा पण एक हिशोब झालेला होता, ही ऐकेल, ही कामावरून काढणार नाही. धाडस वगैरे आपण म्हणतो, त्यांच्या लेखी तो अंदाज आहे, आणि तो चुकला तर एका घरचा पगार जातो. माझा चुकला असता तर काय, लिफ्टमधला अबोला.

म्हणून या विषयावर 'नाही म्हणायला शिका' असं सरसकट सांगणाऱ्यांची मला हल्ली चीड येते. कुणाला परवडतं हे बघायला नको का? मावशींच्या सासूबाई पण याच भागात धुणीभांडी करायच्या. १९८० मध्ये याच पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, भरपगारी सुट्टी, दिवाळीचा बोनस या गोष्टी आज आपण 'आमच्याकडं देतो हो आम्ही' असं कौतुकानं सांगतो, त्या मागून घ्यायला बायकांना एकत्र यावं लागलं. एकटीनं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली असती. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात यायला तर २००८ उजाडलं. मावशींच्या त्या एका साध्या वाक्याच्या मागं हे सगळं आहे का, मला माहीत नाही, त्यांना विचारलं तर म्हणाल्या सासू मोर्चाला जायची एवढं आठवतं. पण त्या वाक्यात विनवणीचा सूर नव्हता तो काही नुसत्या स्वभावातून आलेला नसणार.

आता आईचं. मी फोनवर तिला काकूंचा किस्सा रंगवून सांगितला, ती "हो का", "बाई गं" करत ऐकत होती. आठवड्याभरानं तिचाच फोन, आवाज एकदम बारीक. मे महिन्यात नागपूरला तिच्या मावसबहिणीच्या नातवाचं लग्न आहे, तिकडून आमंत्रणाचा फोन आलेला, आणि ही, जिनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही, हिनं सांगितलं, "मी येणार नाही, मला ऊन सोसत नाही." मी इकडं अक्षरशः टाळ्या वाजवल्या. तासाभरानं परत फोन, तिला वाईट वाटलं असेल का गं? रात्री झोपताना अजून एक, आहेराचे पैसे आधीच पाठवून देऊ का? मी म्हटलं आई, काही होत नाही, तू व्यवस्थित बोललीस, सोड आता.

काल तिकडून उत्तर आलंय. नागपूरची मावशी म्हणाली, बरं केलंस सांगितलंस, तुला उन्हाचं कशाला यायला लावायचं, लग्न झालं की आम्हीच नवरा-नवरीला घेऊन पुण्याला तुझ्याकडं येतो, चांगले आठ-दहा दिवस राहतो, माणसं तशी फार नाहीत. आईनं मला सकाळी सातला फोन करून विचारलं, "आता हिला कसं सांगू?"